थेंब दिसत नाही, तरी कूलंट कमी: जुन्या पिकअपमधली लपलेली गळती कशी शोधायची

रेडिएटरशेजारच्या बाटलीत कूलंट (इंजिन गार ठेवणारं पाणी आणि ग्लायकॉलचं मिश्रण) वरच्या खुणेपर्यंत भरावं, आठ-दहा दिवसांनी बघावं तर ते खालच्या खुणेखाली, आणि गाडीखालची जमीन कोरडी ठणठणीत. गॅरेजच्या बोलीत याला ‘गाडी पाणी खाते’ म्हणतात. मग अंदाजपंचे दुरुस्ती सुरू होते. आज रेडिएटरची कॅप, उद्या वरचा होस (रबरी नळी), पुढच्या महिन्यात वॉटर पंप, आणि तरीही पाणी कमी होतच राहिलं की हेड गॅस्केटवर, म्हणजे इंजिनाचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधल्या सीलवर, ठपका. पंधरा-वीस वर्षं राबलेल्या पिकअपमध्ये यांतलं काहीही गळू शकतं, म्हणूनच अंदाज चालत नाही. गळती कुठे आहे ते शोधण्याआधी ती कधी होते ते पक्कं करा: इंजिन गार असताना, गरम असताना, की फक्त ओझं घेऊन चढ चढताना. वेळ कळली की निम्मे भाग संशयातून आपोआप सुटतात.

खरंच कमी होतंय का?

कूलंट तापलं की फुगतं. दहा लिटरच्या सिस्टिममध्ये २० अंशांवरून ९० अंशांपर्यंत जाताना ते साधारण ३०० ते ४०० मिलिलिटरने वाढतं आणि ही सगळी वाढ बाटलीत दिसते. त्यामुळे संध्याकाळी गरम गाडीत बघितलेली पातळी आणि सकाळी गार गाडीत बघितलेली पातळी यांची तुलना करून काही हाती लागत नाही. रात्रभर उभी असलेली गाडी, सपाट जमीन, आणि दर वेळी तीच जागा. बाटलीवर चिकटपट्टी लावून पातळीला रेघ मारा, शेजारी किलोमीटर लिहा. किती भरलं ते मापाच्या भांड्याने मोजा. ‘थोडंसं टाकलं’ या नोंदीचा पुढे काही उपयोग होत नाही.

नुकतंच कूलंट बदललं असेल तर पहिल्या दोन-तीन फेऱ्यांत पातळी उतरणारच. ती आत अडकलेली हवा बाहेर पडल्याची खूण आहे, गळतीची नाही.

रेडिएटरवर वेगळी कॅप असेल तर फक्त बाटली बघून थांबू नका. इंजिन पूर्ण गार झाल्यावर कॅप काढून आत बघा. (गरम इंजिनावर कॅपला हात लावायचा नाही. आतलं कूलंट उकळबिंदूच्या वर असतं आणि दाब सुटताच चेहऱ्यावर उसळतं.) बाटली भरलेली आणि रेडिएटर उणा, असं दिसलं तर गार होताना बाटलीतलं कूलंट रेडिएटरकडे परत ओढलं जात नाही. कॅपच्या मधोमध असलेला छोटा व्हॅक्यूम वॉल्व्ह अडकला असेल तर इंजिन गार झाल्यावर वरचा होस चपटा झालेला दिसतो. होस गोलच राहिला, तर कूलंटऐवजी कुठून तरी हवा आत शिरते आहे. बहुतेक वेळा बाटलीकडे जाणारी बारीक नळी टोकाला चिरलेली असते. ती टोकाकडून दोन सेंटिमीटर कापून पुन्हा बसवली की काम झालं.

थेंब जमिनीवर का दिसत नाही, याचं गणित सोपं आहे. साधारण वीस थेंबांचा एक मिलिलिटर होतो. दर दहा सेकंदांनी एक थेंब गळत असेल तर तासाला १८ मिलिलिटर जातं; रोज तीन तास गाडी चालली तर दहा दिवसांत अर्ध्या लिटरहून जास्त. आणि तो थेंब तापलेल्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर पडत असेल तर खाली पोचण्याआधीच त्याची वाफ होते. मागे उरतो तो गोडसर वास आणि धातूवर वाळलेला पांढरट, हिरवट किंवा गुलाबी थर. शोधायचा असतो तो हा थर.

धुवा, वाळवा, मग बघा

जुन्या इंजिनावर तेलाचा आणि धुळीचा जाड थर असतो. त्यावर नवी गळती दिसत नाही, जुने ओघळ मात्र दिशाभूल करतात. डिग्रीझरने इंजिन धुवून घ्या. अल्टरनेटर, डिस्ट्रिब्यूटर आणि वायरिंगचे जोड प्लास्टिकने झाका, पाण्याचा जोराचा फवारा त्यांच्यावर नको. पूर्ण वाळल्यावर संशयित जोडांवर टाल्कम पावडर भुरभुरा. पांढऱ्या पावडरीवर ओली रेघ उमटली की ती कुठून निघाली ते बोटाने दाखवता येतं.

बघताना एक नियम डोक्यात ठेवा: ओलाव्याचा सर्वांत वरचा आणि सर्वांत पुढचा बिंदू शोधायचा. चालत्या गाडीत वारा कूलंट मागे उडवतो आणि गुरुत्वाकर्षण ते खाली नेतं, त्यामुळे चेंबरवरून (इंजिनाखालच्या तेलाच्या टाकीवरून) ठिबकणारा थेंब निघालेला असतो वरच्या थर्मोस्टॅट हाउसिंगमधून, म्हणजे कूलंट तापल्यावरच रेडिएटरकडे सोडणाऱ्या वॉल्व्हच्या घरातून. चेंबरचं गॅस्केट बदलून काय होणार?

खाली ओलं सापडलं तर ते कूलंटच आहे ना, हेही तपासा. एसीचं पाणी बिनवासाचं असतं, बोटांना बुळबुळीत लागत नाही आणि वाळल्यावर मागे काही ठेवत नाही. कूलंट बोटांत घसरतं आणि पांढऱ्या कागदावर वाळताना चिकट डाग ठेवतं. चाखून बघायची जुनी सवय सोडा. इथिलीन ग्लायकॉल गोड लागतं आणि तेवढंच विषारी असतं. कुत्र्या-मांजरांना या गोडीचीच भुरळ पडते, म्हणून काढलेलं कूलंट उघड्या तसराळ्यात राहू देऊ नका.

प्रेशर टेस्ट, दोनदा

हातपंपाचा प्रेशर टेस्टर रेडिएटरच्या तोंडाला लागतो. त्याने इंजिन बंद असताना सिस्टिममध्ये चालू गाडीएवढा दाब तयार करता येतो. किती दाब द्यायचा ते कॅपवर छापलेलं असतं: ०.९ म्हणजे बार, साधारण १३ पीएसआय, १.१ म्हणजे साधारण १६. त्याच्या वर एक पीएसआयही जाऊ नका. जुन्या रेडिएटरची प्लास्टिकची टाकी जास्त दाबाने फाटते आणि एकाच्या दोन गळत्या होतात.

पहिली टेस्ट पहाटेच्या गार इंजिनावर करा. कारण लपलेल्या गळत्यांमधली सर्वांत फसवी गळती फक्त गार असताना होते. वर्षानुवर्षं क्लिपखाली दबून राहिलेलं रबर आपली लवचिकता गमावतं. रात्री गारठा पडला की रबर, क्लिप आणि आतला धातूचा तोंडा (ज्यावर होस चढवतात ती नळी) वेगवेगळ्या प्रमाणात आकसतात, मध्ये केसाएवढी फट पडते आणि गाडी सुरू केल्यावर पहिली पाच-सात मिनिटं तिथून पाझर होतो. इंजिन तापलं की रबर फुगतं, फट बुजते. दुपारी तीच गाडी गॅरेजमध्ये नेली तर टेस्टरचा काटा हलत नाही आणि ‘गाडीत काही नाही’ असा निर्वाळा मिळतो.

टेस्टर लावून पंधरा-वीस मिनिटं थांबा. काटा भराभर पडला तर गळती मोठी आहे, आवाजावरूनही सापडेल. वीस मिनिटांत एक-दोन पीएसआय उतरला तर टॉर्च आणि आरसा घेऊन प्रत्येक जोड बघावा लागेल. काटा उतरतो पण ओलं कुठेच नाही, असं असेल तर आधी टेस्टरच्या ॲडॅप्टरचं रबर ओलं करून पुन्हा लावा. अनेकदा गळतो तो टेस्टर.

दुसरी टेस्ट इंजिन गरम करून. इथे एक गफलत नेहमी होते. गरम इंजिनाला दाब देऊन ते बंद ठेवलं तर गार होताना दाब आपोआप उतरतो, गळती नसली तरी. म्हणून गरम टेस्टमध्ये काट्यावर विसंबू नका, डोळ्यांवर विसंबा. टेस्टर गार असतानाच लावायचा, इंजिन सुरू करायचं आणि काटा कॅपच्या आकड्याजवळ आला की दाब सोडत राहायचं. पहिल्याच मिनिटात, कूलंट कोमट व्हायच्याही आधी, काटा सरसर चढला तर सिलिंडरमधला वायू कूलंटमध्ये शिरतो आहे. त्याबद्दल पुढे.

कॅपचीही टेस्ट त्याच पंपावर करा. निम्मं पाणी आणि निम्मं ग्लायकॉल हे मिश्रण उघड्यावर साधारण १०७ अंशांना उकळतं, १.१ बार दाबाखाली तोच आकडा १२५ अंशांच्या पुढे जातो. कॅपची स्प्रिंग थकली की चढावर कूलंट आधीच उकळतं, बाटलीत ढकललं जातं आणि बाटलीच्या वरच्या नळीतून रस्त्यावर सांडतं. इंजिनात गळती कुठेच नसते. बाटलीभोवती, तिच्या मागच्या पत्र्यावर वाळलेले शिंतोडे असतील तर संशय कॅपवर. नवी कॅप घेताना आकडा तोच घ्या. ‘जास्त दाबाची लावली की तापणार नाही’ हा सल्ला रेडिएटरच्या मुळावर येतो.

कुठे कुठे बघायचं

होसची टोकं आधी. होस मधोमध ठीक दिसतो, पण क्लिपपासून दोन-तीन सेंटिमीटरवर अंगठा आणि बोटाने दाबला की आतून कराकरा तडकल्यासारखा लागतो. तो आतून चिरलेला असतो. स्क्रूची क्लिप एवढी आवळू नका की रबर तिच्या चिरांतून वर येईल, तिथेच ते कापलं जातं. तोंड्याच्या टोकाला जो फुगवटा असतो त्याच्या मागे क्लिप बसली पाहिजे, फुगवट्यावर नाही. गार गळतीवर स्प्रिंगची क्लिप बरी, कारण रबर आकसलं तरी ती दाब सोडत नाही. गंजलेला तोंडा बारीक पॉलिश पेपरने साफ केल्याशिवाय नवा होस चढवला तर पैसे वाया. पंप आणि थर्मोस्टॅट यांच्यामधला बोटभर लांबीचा बायपास होस सगळे विसरतात. तो वरून दिसत नाही, आरशाने बघावा लागतो.

वॉटर पंपाच्या अंगाला, शाफ्टच्या खालच्या बाजूला पेन्सिलीच्या टोकाएवढं एक भोक असतं, वीप होल. आतलं सील गळायला लागलं की कूलंट बेअरिंगमध्ये जाण्याऐवजी या भोकातून बाहेर यावं, म्हणून ते ठेवलेलं असतं. भोकाच्या तोंडाशी हलका वाळलेला डाग कधीकधी चांगल्या पंपालाही असतो. पण भोकापासून खाली ओघळाची रेघ गेली असेल, किंवा बेल्ट काढून पुली वर-खाली हलवल्यावर खुळखुळ लागत असेल, तर पंप गेला. सील फक्त फिरत्या शाफ्टवर गळत असेल तर बंद इंजिनाची प्रेशर टेस्ट ते पकडत नाही. इंजिन चालू ठेवून, फिरत्या बेल्ट-पंख्यापासून हात आणि कपडे लांब ठेवून, आरशाने बघा. भोक सीलंटने बुजवणारे महाभागही असतात. मग कूलंट बेअरिंगमध्ये जातं आणि एक दिवस पंखाच रेडिएटरमध्ये घुसतो.

रेडिएटरमध्ये बघायची जागा म्हणजे प्लास्टिकची टाकी आणि ॲल्युमिनियमची जाळी यांचा दुमडलेला सांधा. एसीचा कंडेन्सर समोर आणि पंख्याचं आवरण मागे असल्याने तो झाकलेला असतो. आवरण काढल्याशिवाय ‘रेडिएटर ठीक आहे’ म्हणू नका. पितळी रेडिएटरमध्ये डाग देऊन (सोल्डरने) जोडलेले सांधे बघा. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल रेडिएटरच्या टाकीतूनच गार होत असेल तर गिअरची डिपस्टिक काढा. तेल गुलाबी दुधासारखं दिसलं तर गाडी तिथेच उभी करा, कारण कूलंट क्लच प्लेटांचं अस्तर सोलून काढतं.

सर्वांत जास्त वेळ खाते ती इंजिनाची मागची बाजू. फायरवॉल (इंजिन आणि केबिन यांच्यामधला पत्रा) आणि इंजिन यांच्यामध्ये हात जेमतेम जातो. तिथे हीटरचे दोन होस, कुठे कुठे पोलादी पाइप, आणि ब्लॉकच्या मागे कोअर प्लग, म्हणजे वाटीसारखे पातळ पत्र्याचे बूच. नुसतं पाणी घालून वर्षानुवर्षं चालवलेल्या इंजिनात हे बूच आतून गंजून सुईच्या टोकाएवढं भोक पडतं. मागच्या बुचातून निघालेलं कूलंट बेल हाउसिंगच्या (इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामधल्या क्लचच्या घराच्या) आत उतरतं आणि खालच्या सांध्यातून ठिबकतं, तेव्हा बघणाऱ्याला वाटतं की मागचं ऑइल सील गेलं. थेंब कागदावर घ्या, रंग कळेल. व्ही आकाराच्या इंजिनात इनटेक मॅनिफोल्डच्या गॅस्केटचं मागचं टोक गळलं तरी थेंब नेमका तिथेच येतो. तेव्हा गिअरबॉक्स उतरवण्याआधी मॅनिफोल्डच्या मागे मोबाइलचा कॅमेरा घालून फोटो काढा. दहा मिनिटांच्या या कामाने एक दिवसाची मजुरी वाचते.

इथेही दिसलं नाही, तर डाय, म्हणजे यूव्ही प्रकाशात चमकणारा रंग. पाण्यावर आधारित कूलंटसाठीचा डाय घ्या, एसीचा तेलातला डाय इथे चालत नाही. बाटलीवर लिहिलेलं प्रमाण पाळा, जास्त ओतून जास्त दिसत नाही. दोन-तीन दिवस गाडी नेहमीसारखी चालवा आणि अंधारात यूव्ही टॉर्च आणि पिवळा चश्मा घेऊन बघा. काही हिरवी कूलंटं मुळातच यूव्हीखाली चमकतात, त्यांना डायची गरजही लागत नाही. आधी टॉर्च मारून बघा.

हीटर कोअर: गळती केबिनमध्ये

हीटर कोअर म्हणजे डॅशबोर्डमागचा छोटा रेडिएटर. तो गळतो तेव्हा काचेवर आतून तेलकट धुकं, जे पुसलं की फराटे उठतात. हीटर लावला की गोडसर वास. डॅशबोर्डखाली ओला गालिचा. ही लक्षणं उघड असतात तेव्हा प्रश्न नाही. पण बारीक पाझर असेल तर कूलंट हीटरच्या डब्यात साचतं आणि एसीच्या पाण्याच्या नळीतून बाहेर जातं, आत काहीच ओलं होत नाही.

डॅशबोर्ड उतरवणं हे दिवसभराचं काम. त्याआधी हा सोपा प्रयोग करा: गार इंजिनावर फायरवॉलपाशी हीटरचे दोन्ही होस काढा आणि इंजिनाकडून येणारी त्यांची टोकं एका जोडनळीने एकमेकांना जोडा. होसचा आतला व्यास बहुतेक १६ किंवा १९ मिलिमीटर असतो, तो मोजून नळी घ्या. दोन्ही टोकं बुजवण्यापेक्षा जोडणं बरं, कारण काही इंजिनांत थर्मोस्टॅट उघडण्याआधीचं कूलंट याच वाटेने फिरतं. आठवडाभर चालवा. चिकटपट्टीवरची रेघ जागची हलली नाही, तर चोर हीटर कोअर. थंडीच्या दिवसांत काचेवरचं धुकं काढायला हीटर नसेल, तेवढं लक्षात असू द्या.

बाहेर काहीच नाही, म्हणजे आत

ऑइल कॅपखाली मलईसारखा थर दिसला की लगेच हेड गॅस्केटचं नाव घेतलं जातं. रोज दोन-तीन किलोमीटरच चालणाऱ्या गाडीत नुसत्या दमटपणानेही असा थर जमतो. डिपस्टिकवरचं तेल बघा. तेही दुधाळ असेल तर गोष्ट गंभीर. आणि तेव्हाही हेड गॅस्केट हे एकच उत्तर नसतं. टोयोटाच्या जुन्या पिकअपमधल्या २२आर इंजिनात टायमिंग चेनचे गाइड तुटले की चेन टायमिंग कव्हर घासत जाते आणि कव्हरमधल्या पाण्याच्या वाटेला भोक पाडते. कूलंट थेट चेंबरमध्ये. हेड उतरवून नवं गॅस्केट टाकलं तरी तेल पुन्हा दुधाळ होतं. डिझेलमध्ये ऑइल कूलर आणि ईजीआर कूलर (इंजिनात परत सोडायचा एक्झॉस्टचा वायू गार करणारा) हे दोन संशयित वेगळे. ईजीआर कूलर फुटला तर कूलंट सायलेन्सरमधून वाफ होऊन जातं आणि तेल स्वच्छ राहतं.

सिलिंडरचा वायू कूलंटमध्ये येतो का, हे बघायला ब्लॉक टेस्टर वापरतात. निळा द्रव रेडिएटरच्या तोंडावर धरून वरची हवा त्यातून ओढायची. कार्बन डायऑक्साइड असेल तर द्रव पिवळा होतो, डिझेलमध्ये पिवळट हिरवा. आधी रेडिएटरमधलं कूलंट चार-पाच सेंटिमीटर कमी करा, नाहीतर तेच टेस्टरमध्ये चढतं आणि द्रव वाया जातो. निळा तो निळाच राहिला म्हणून गॅस्केटला सोडून देऊ नका. डिझेल इंजिन रिकामं चालताना एक्झॉस्टमध्ये कार्बन डायऑक्साइड कमीच असतो, आणि काही गॅस्केट फक्त ओझ्याखाली वायू सोडतात. गाडी भरून चढावर फिरवून आणा, इंजिन गार होऊ द्या, आणि टेस्ट पुन्हा घ्या.

पेट्रोल इंजिनात कुठला सिलिंडर ते कळायला स्पार्क प्लग पुरेसे असतात. इतर प्लग तपकिरी आणि एकच पांढरा, वाफेने धुतल्यासारखा, तर तोच. खात्री हवी असेल तर सगळे प्लग काढून सिस्टिमला कॅपएवढा दाब देऊन रात्रभर ठेवा. सकाळी इग्निशन आणि इंधन बंद करून, प्लग बाहेरच ठेवून, प्लगच्या भोकांपासून बाजूला उभं राहून स्टार्टर मारा. कूलंट साचलेल्या सिलिंडरमधून पिचकारी उडते. प्लग बसवलेल्या स्थितीत हे करू नका. द्रव दाबला जात नाही, कनेक्टिंग रॉड मात्र वाकतो.

स्टॉप-लीकच्या (गळती आतून बुजवणाऱ्या द्रवाच्या) बाटलीबद्दल: ती गळतीचं भोक आणि हीटर कोअरची बारीक नळी यांत फरक करत नाही. आडरानात घरी पोचण्यापुरती वापरा, दुरुस्ती म्हणून नाही. आणि एकदा वापरली तर नंतर सिस्टिम धुवून काढा.

भरताना

दुरुस्तीनंतर चुकीच्या भरण्याने पुन्हा ‘गळती’ दिसते. मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या प्रकारचं कूलंट घ्या. हिरवं, लाल, गुलाबी या रंगांवर जाऊ नका, रंग कंपनीगणिक बदलतात आणि दोन प्रकार मिसळले तर काही मिश्रणांचा गाळ होतो. मिश्रण तयार नसेल तर निम्मं डिस्टिल्ड वॉटर. गाडीचं नाक उंच करा, हीटर पूर्ण गरमवर ठेवा, कॅप उघडी ठेवून हळूहळू भरा, मग इंजिन सुरू करा. मधून मधून वरचा होस दाबा, बुडबुडे येत राहतील. थर्मोस्टॅट उघडला, साधारण ८२ ते ८८ अंशांना, की पातळी एकदम खाली जाते. तेव्हा पुन्हा भरा. इंजिनावर हवा काढायचा स्क्रू असेल तर त्यातून बुडबुड्यांशिवाय सलग धार येईपर्यंत तो सैल ठेवा. कॅप लावा, गाडी फिरवून आणा, रात्रभर गार होऊ द्या, सकाळी बाटली भरा आणि चिकटपट्टी नव्याने लावा. तिसऱ्या सकाळपासूनच्या रेघा खऱ्या धरायच्या.